लहान देशाच्या नौदलाला अधिकारी का पुरत नाहीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदलात अधिकारी कमी आहेत म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: जाहिरात द्या, पगार वाढवा, येतील माणसं. लहान देशांनी हे दोन्ही करून पाहिलंय, आणि तरीही त्यांची काही जहाजं माणसांअभावी धक्क्याला बांधलेली राहतात. असं का होतं, याबद्दलचे हे प्रश्न.

लहान नौदल म्हणजे किती लहान?

आयर्लंडचं उदाहरण घ्या. तिथल्या नौदलाची मंजूर संख्या १,०९४ आहे आणि अलीकडच्या काही वर्षांत प्रत्यक्षात ८०० सुद्धा भरलेली नाही. यात खलाशी, तंत्रज्ञ, स्वयंपाकी, अधिकारी असे सगळे आले. न्यूझीलंडचं नौदल त्याहून मोठं, नियमित माणसं दोन हजारांच्या वर. पण त्यांच्या वाट्याला आलेला समुद्र सुमारे ४० लाख चौरस किलोमीटरचा. एस्टोनियासारख्या देशाचं नौदल याहूनही छोटं.

माझ्या मते संख्येपेक्षा एक साधी खूण जास्त उपयोगी आहे. एखाद्या शाखेतले सगळे अनुभवी अधिकारी एका टेबलाभोवती बसू शकत असतील, तर ते नौदल लहान. त्यातला एक उठून गेला की खुर्ची रिकामी झालेली सगळ्यांना दिसते.

जहाजं कमी आहेत, तर माणसंही कमीच लागतील ना?

लागतात, पण त्या प्रमाणात नाही. आयर्लंडच्या सॅम्युएल बेकेट वर्गाच्या गस्ती जहाजावर ४४ जण असतात, त्यांत अधिकारी सहाच. कप्तान, उपकप्तान, नेव्हिगेटर, तोफखाना सांभाळणारा, इंजिनिअर… यातलं कुठलंही पद अर्धं करता येत नाही. मोठ्या नौदलात एक इंजिनिअर आजारी पडला तर शेजारच्या जहाजावरून दुसरा येतो. लहान नौदलात शेजारचं जहाजच नसतं, किंवा असलं तरी त्याचा इंजिनिअर आधीच दुसरीकडे उसना दिलेला असतो.

शिवाय नौदल म्हणून जी कामं करावीच लागतात, ती देश लहान आहे म्हणून टळत नाहीत. प्रशिक्षण शाळा हवी, मुख्यालय हवं, जहाजखरेदीच्या निविदा वाचणारं कोणी हवं, कायदा जाणणारं हवं, मासेमारीच्या नियमांवर इतर खात्यांशी बोलणारं हवं. या खुर्च्यांवर बसवायला अनुभवी अधिकारीच लागतात, आणि ते जहाजांवरूनच काढावे लागतात. रात्र थोडी आणि सोंगं फार.

एक अधिकारी तयार व्हायला किती वर्षं लागतात?

कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक, मिळायला साधारण दोन वर्षं. पण तेव्हा तो अधिकारी फक्त कागदावर असतो. ब्रिजवर (जिथून जहाज चालवलं जातं तिथे) एकट्याने वॉच, म्हणजे ठरावीक तासांची पाळी, सांभाळायचा परवाना मिळायला पुढे आणखी समुद्रावरचे महिने लागतात, मग एखादा विभाग, मग वरचे कोर्स, मग उपकप्तानी. जहाज हातात येईपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

आता थोडा हिशेब मांडू. आकडे काल्पनिक आहेत, पण तर्क खरा आहे. समजा एका नौदलाकडे सहा जहाजं आहेत आणि कप्तान दर दोन वर्षांनी बदलतो. म्हणजे दर वर्षी तीन नवे कप्तान हवेत. दर वर्षी दहा कॅडेट घेतले. दोन प्रशिक्षणातच गळले, आठ जणांना कमिशन मिळालं. बारा वर्षांत त्यातले चार निघून गेले, चार उरले. चारातून तीन कप्तान काढायचे, म्हणजे निवडीला वाव एकाचा. त्या तुकडीतून आणखी दोघं गेले, की उरतात दोन, आणि लागतात तीन.

या हिशेबातला सगळ्यात बोचरा भाग पुढेच आहे. एखाद्या सरकारने काटकसर म्हणून एक वर्ष कॅडेट घेतलेच नाहीत, तर त्या वर्षी काहीच बिघडत नाही. बजेट छान दिसतं. ते भोक मग दर वर्षी एक पायरी वर सरकतं आणि बारा वर्षांनी कप्तानांच्या यादीत उघडं पडतं. तोवर तो निर्णय घेणारा मंत्री कुठल्या कुठे गेलेला असतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग बाहेरून अनुभवी माणसं थेट का घेत नाहीत?

घेतात, पण मर्यादा आहेत. इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आयटीवाले यांना थेट अधिकारी म्हणून आणता येतं. मर्चंट नेव्हीतला इंजिनिअर आला तर त्याला डिझेल इंजिन शिकवायची गरज नसते. आयर्लंडने ही वाट खुली केली आहे. न्यूझीलंड मित्रदेशांच्या नौदलांतले अनुभवी लोक घेतं.

पण युद्धनौकेचा कप्तान बाजारात मिळत नाही. मर्चंट नेव्हीचा कॅप्टन जहाज उत्तम चालवेल, कदाचित नौदलवाल्यापेक्षा चांगलं. मात्र संशयित बोटीवर माणसं उतरवणं, शस्त्र कधी वापरायचं हे ठरवणं, चाळीस-पन्नास तरुणांना शिस्तीत आणि शाबूत ठेवणं, हे त्याने केलेलं नसतं. दुसऱ्या देशाच्या नौदलातून आलेला माणूस हे जाणतो, पण त्यालाही एक दिवस घरची ओढ लागते.

भरतीत अडतं कुठे? तरुणांना समुद्र नकोसा झालाय का?

मला तसं वाटत नाही. अर्ज येतात. ते वाटेत गळतात.

अर्ज, लेखी चाचणी, शारीरिक चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी, पार्श्वभूमीची पडताळणी अशी साखळी अनेक महिने चालते. ज्या मुलामुलींना आपण शोधतोय, त्यांना तेवढ्या काळात दोन इतर नोकऱ्या चालून आलेल्या असतात. शेवटपर्यंत थांबतो तो एकतर फार जिद्दीचा, नाहीतर ज्याला दुसरं काही मिळालं नाही तो. भरती खात्याला आकडा सारखाच दिसतो.

वयाची अट हा दुसरा अडसर होता. आयर्लंडने २०२४ मध्ये ती ३९ वर्षांपर्यंत वाढवली. कॅनडाने २०२३ पासून वेगळाच प्रयोग चालवलाय: एक वर्ष नौदलात या, पगार घ्या, काम बघा, नाही आवडलं तर निघा; पुढची सक्ती नाही. कॅनडाचं नौदल या यादीतल्या इतरांइतकं लहान नाही, आणि ही योजना अधिकाऱ्यांसाठी नसून खलाशांसाठी आहे. पण कल्पना उचलण्यासारखी आहे. वर्षभर बोट बघून राहिलेला माणूस जाहिरात बघून आलेल्यापेक्षा टिकाऊ.

जाहिरातीत काय दाखवावं?

वेगात जाणारी स्पीडबोट, हेलिकॉप्टर, सूर्यास्त हे सगळं एकदा दाखवून झालं की मग खवळलेल्या समुद्रात पहाटे चारचा वॉचही दाखवा. जे त्याने घाबरतील ते तसेही दुसऱ्या वर्षी गेले असते, आणि तोवर त्यांच्यावर खर्च झालेला असता.

अधिकारी सोडून का जातात? खरं कारण पगार ना?

पगार हे सांगायला सोपं कारण आहे. राजीनाम्याच्या अर्जावर ते लिहिलं की कोणी वाद घालत नाही. पण थोडं खोदलं की बहुतेक वेळा खाली कॅलेंडर सापडतं.

किती दिवस समुद्रावर, यापेक्षा कुठले दिवस समुद्रावर, हे माणसाला जास्त छळतं. सहा आठवडे बाहेर राहायचं हे आधी माहीत असेल तर घर त्याप्रमाणे बसवता येतं. दुसऱ्या जहाजाचं जनरेटर बंद पडलं म्हणून गुरुवारी निरोप येतो, 'सोमवारी निघायचंय, तुम्ही त्या जहाजावर', तेव्हा घर कोलमडतं. मुलाच्या शस्त्रक्रियेची तारीख, जोडीदाराची रात्रपाळी, बहिणीचं लग्न, सगळं. लहान नौदलात असं वारंवार होतं, कारण राखीव माणूसच नसतो.

आणि इथे एक चक्र सुरू होतं. ब्रिजवर वॉच सांभाळणारे तिघं असतील तर चार तास काम, आठ तास मोकळे. त्यातला एक गेला की दोघांनी सहा-सहा तासांनी आलटून पालटून उभं राहायचं. त्या 'मोकळ्या' सहा तासांत जेवण, आंघोळ, आपल्या विभागाची कागदपत्रं, कवायती, आणि उरलं तर झोप. दोन-तीन आठवड्यांनी माणूस चालत असतो, पण जागा असतो असं म्हणवत नाही. अशा दोन गस्ती झाल्या की त्या दोघांपैकी एकजण अर्ज लिहायला घेतो. गेलेला माणूस मागे राहिलेल्यांच्या जाण्याची कारणं वाढवून जातो. मोठ्या दलात हा धक्का पसरून सौम्य होतो. लहान दलात तो थेट शेजारच्या माणसाच्या खांद्यावर पडतो.

किनाऱ्यावरची पोस्टिंगसुद्धा मग विश्रांतीची राहत नाही. आयर्लंडच्या नौदलात दोन वर्षं समुद्रावर आणि दोन वर्षं किनाऱ्यावर अशी रीत आहे. रीत चांगली आहे. पण किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला, 'फक्त या एका गस्तीसाठी' म्हणून परत चढवलं जातं, आणि उरलेल्या वेळात तो एकटा तीन रिकाम्या पदांचं काम करतो.

राहण्याचाही प्रश्न आहे. लहान देशात तळ बहुधा एकच असतो. आयर्लंडचा कॉर्क बंदरातल्या हॉलबोलाइनला, न्यूझीलंडचा ऑकलंडमधल्या डेव्हनपोर्टला. त्या भागात घरं महाग झाली तर 'दुसरीकडे बदली मागतो' म्हणायची सोय नाही.

जाणाऱ्यांचं वय साधारण काय असतं?

अट्ठावीस ते अडतीस. म्हणजे कौशल्य पूर्ण झालेलं, बाजारात किंमत चांगली, घरी लहान मुलं, आणि बाँड (अमुक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार) संपलेला. नौदलाला नेमकं ज्या वयाचं माणूस लागतं तेच हे वय.

टिकून राहण्यासाठी रोख रक्कम दिली तर?

आयर्लंडने २०२१ मध्ये तसं केलं. तीन वर्षं सेवा झालेल्यांनी दोन वर्षं समुद्रावर राहण्याची हमी दिली तर १०,००० युरो, हप्त्यांमध्ये. समुद्रावर जाणाऱ्यांना करातही सवलत दिली.

माझं मत विचाराल तर अशी रक्कम फुकट जात नाही, पण ती वेळ विकत घेते, माणूस नाही. दोन वर्षांची हमी दिली की त्या माणसाच्या डोक्यातही दोन वर्षांची घंटा सुरू होते. सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपत असेल तर सरकारने राजीनाम्यांसाठी एक सोयीची तारीखच ठरवून दिली म्हणायची. या दोन वर्षांत वॉचची पद्धत सुधारली, माणसं वाढली, कॅलेंडर स्थिर झालं, तर पैसे वसूल. नाहीतर दुसरी रक्कम पहिलीपेक्षा मोठी ठेवावी लागते.

आणखी एक गोम आहे. जो जायला निघालाय त्याला पैसे आणि जो मुकाट्याने राहिलाय त्याला काही नाही, असं झालं की मुकाट्याने राहणारेही बोलायला लागतात.

पेन्शनचा काही संबंध आहे का?

मोठा आहे, फक्त तो उशिरा दिसतो. पूर्वी सैन्यातली पेन्शन हे न दिसणारं लंगर होतं. अमुक वर्षं झाली की शेवटच्या पगारावर पेन्शन, म्हणून माणूस तेवढी वर्षं काढायचा. आयर्लंडमध्ये २०१३ नंतर सरकारी नोकरीत येणाऱ्यांसाठी पेन्शन पूर्ण कारकिर्दीच्या सरासरी कमाईवर ठरते. त्यानंतर आलेले अधिकारी आता नेमके त्या अट्ठावीस-अडतीसच्या टप्प्यात आहेत, आणि त्यांना थांबवून ठेवणारं लंगर बरंच हलकं झालंय.

बाँड घाला आणि अडवा. इतका खर्च केलाय तर जाऊ का द्यायचं?

काही वर्षांचा बाँड रास्त आहे, विशेषतः सरकारने पदवी किंवा महागडा कोर्स दिला असेल तर. पण लांबलचक बाँडचे दोन तोटे. एक, हुशार मुलगी तो वाचूनच अर्ज करत नाही. दोन, मन उठलेला अधिकारी चार वर्षं जहाजावर बसवून ठेवला तर तो स्वतः जातोच, पण जाण्याआधी मेसमध्ये बसून दहा कनिष्ठांना पटवून ठेवतो.

मर्चंट नेव्हीत जातात म्हणे. इतकं सोपं असतं का ते?

देशावर अवलंबून आहे. व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ठरतात. १९९५ आणि २०१० मध्ये त्यात मोठे बदल झाले. युद्धनौका या कराराबाहेर आहेत. त्यामुळे नौदलात दहा वर्षं वॉच केलेल्या माणसालाही व्यापारी जहाजावर जायचं तर कागदपत्रं, राहिलेले कोर्स, परीक्षा हे करावं लागतं.

काही नौदलं आपलं प्रशिक्षण या कराराशी जुळवून घेतात. आयर्लंडमध्ये २००४ पासून रिंगास्किडी इथल्या राष्ट्रीय सागरी महाविद्यालयात नौदलाचे आणि मर्चंटचे विद्यार्थी एकाच छताखाली शिकतात. यावर नेहमी एक आक्षेप येतो, की आपणच त्यांच्या हातात बाहेरची किल्ली देतोय. मला हा आक्षेप आखूड बुद्धीचा वाटतो. मान्यताप्राप्त प्रमाणपत्र मिळणार, हे अर्ज करणाऱ्याच्या आईवडिलांना पटणारं सगळ्यात मोठं कारण असतं. किल्ली लपवून ठेवली तर दारच कोणी उघडणार नाही.

आणि सगळे मर्चंटमध्ये जातात असंही नाही. बंदराचे पायलट (जहाजं बंदरात आणणारे-नेणारे), बंदर प्रशासन, समुद्रातल्या पवनचक्क्या, विमा, जहाज सर्वेक्षण अशा किती तरी जागा आहेत. यातल्या बऱ्याच कामांत रात्री घरी जाता येतं.

सगळ्यात जास्त तुटवडा कोणाचा?

इंजिनिअर आणि इलेक्ट्रिकल अधिकाऱ्यांचा. ब्रिजवरच्या माणसाचं कौशल्य समुद्राला बांधलेलं असतं. इंजिनिअरचं तसं नाही. औषध कारखाना, डेटा सेंटर, वीज केंद्र, त्याला कुठेही घेतात. त्यात नौदलाची एक जुनी खोड: कप्तानपद फक्त डेकवाल्यांना, म्हणजे ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांना. इंजिनिअरला पुढचा रस्ता कुठपर्यंत जातो हे तिसऱ्याच वर्षी दिसतं. सिंगापूरने २०१० मध्ये सैन्यातल्या तांत्रिक तज्ज्ञांसाठी बढत्यांची वेगळी वाट आखली, ती याच कारणाने महत्त्वाची.

स्त्री अधिकारी वाढल्या तर प्रश्न सुटेल का?

निम्मी लोकसंख्या वगळून भरती करणं लहान देशाला परवडतच नाही, हे उघड आहे. पण नुसत्या घेऊन भागत नाही. जहाजावर वेगळी केबिन आणि न्हाणीघर, मापाचा गणवेश आणि जीवनरक्षक साधनं, तक्रार करायची अशी जागा जिथे तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच वरिष्ठ बसलेला नाही. लहान दलात शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात आणि पुढच्या पोस्टिंगला पुन्हा तोच माणूस समोर येऊ शकतो.

दोघंही नौदलात असलेल्या जोडप्यांचं पण बघा. दोघांना एकाच वेळी समुद्रावर पाठवलं तर दोनपैकी एक राजीनामा जवळपास ठरलेला, आणि तो बहुधा तिचाच असतो. पोस्टिंगच्या तक्त्यात एक ओळ जोडून हे टाळता येतं. तरी ती ओळ जोडलेली नसते.

जागा रिकाम्या ठेवण्यापेक्षा कनिष्ठांना लवकर वर का आणत नाहीत?

कारण समुद्र ते लक्षात ठेवतो.

८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे नॉर्वेची 'हेल्गे इंगस्टाड' ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) बर्गनजवळच्या येल्टेफ्योर्डमध्ये 'सोला टीएस' या तेलवाहू जहाजावर आदळली. फ्रिगेटवर १३७ जण होते. सगळे वाचले, जहाज गेलं. ब्रिजवर तेव्हा माणसं कमी नव्हती, सात जण होते, त्यांतले काही शिकाऊ. टँकरचे दिवे त्यांना किनाऱ्यावरचे, स्थिर वाटले. चौकशी अहवालात एक वाक्य आहे, ते प्रत्येक लहान नौदलाच्या मनुष्यबळ विभागाने भिंतीवर लावावं असं. त्याचा आशय असा: फ्रिगेटसाठी पात्र नेव्हिगेटर कमी होते, कारकिर्दीची शिडी तशी होती, म्हणून वॉच अधिकाऱ्यांना पूर्वीपेक्षा लवकर मान्यता मिळत होती आणि त्यांच्या पाठीशी अनुभव कमी होता. पुढे खटला मात्र ब्रिजवरच्या एका अधिकाऱ्यावर चालला. रिकाम्या जागांवर खटला चालवता येत नाही.

न्यूझीलंडची 'मानावानुई' ५ ऑक्टोबर २०२४ ला सामोआच्या उपोलू बेटाजवळ प्रवाळावर चढली आणि दुसऱ्या दिवशी बुडाली. ७५ जण सुखरूप निघाले. स्वयंचलित सुकाणू चालूच होतं आणि ते क्रूच्या लक्षात आलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. प्रशिक्षण आणि अनुभवातल्या उणिवाही नोंदवल्या गेल्या.

दोन्ही अपघात एकट्या तुटवड्याने झाले असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण अनुभव हा रिकाम्या जागेत ओतता येत नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

म्हणून जहाजं बांधून ठेवतात? हे लाजिरवाणं नाही का?

लाजिरवाणं आहे, पण खोटं बोलण्यापेक्षा बरं. आयर्लंडने २०२२ च्या उन्हाळ्यात तीन जुनी जहाजं एकदम सेवेतून काढली आणि २०२३ च्या सुरुवातीला आणखी दोन राखीव म्हणून बांधली. त्यातलं एक, 'विल्यम बटलर येट्स', जेमतेम सहा-सात वर्षांचं. न्यूझीलंडनेही २०२२ संपताना तीन गस्ती जहाजं माणसांअभावी उभी करून ठेवली होती. गंमत अशी की न्यूझीलंडनेच आधी सेवेतून काढलेली दोन छोटी गस्ती जहाजं आयर्लंडने २ कोटी ६० लाख युरोंना घेतली, कारण ती कमी माणसांवर चालतात. एकाला नको झालेलं दुसऱ्याला सोयीचं.

चार जहाजं पूर्ण माणसांनिशी चालवणं हे सहा जहाजं अर्धपोटी पळवण्यापेक्षा चांगलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त एक छुपी किंमत असते. बांधलेल्या जहाजावर कोणी शिकत नाही. नव्या सब-लेफ्टनंटला समुद्रावरचे दिवस हवे असतात, आणि जहाजांवरच्या जागाच कमी झाल्या तर त्याचा वॉचचा परवाना लांबतो. म्हणजे आजचा तुटवडा उद्याचाही तुटवडा तयार करतो. यावर उपाय म्हणजे शिकाऊंना मित्रदेशांच्या जहाजांवर पाठवणं, आणि ते जहाज बांधायच्या दिवशीच ठरवावं लागतं, सहा महिन्यांनी नाही.

तंत्रज्ञान आणून माणसं कमी करता येणार नाहीत का?

येतात, एका हद्दीपर्यंत. सिंगापूरच्या इंडिपेंडन्स वर्गाच्या जहाजांचा मूळ क्रू २३ जणांचा आहे. पण ते जमतं कारण देखभालीचं, नियोजनाचं बरंच काम किनाऱ्यावरच्या पथकांकडे सोपवलेलं असतं. किनाऱ्यावर ती पथकं नसताना नुसता क्रू कापला तर उरलेल्यांनी गंजही काढायचा, जेवणही वाढायचं आणि वॉचही करायचा. शिवाय २३ जणांत एकाला ताप आला की मघाचाच प्रश्न जास्त धारदार होऊन परत येतो.

एका जहाजाला दोन क्रू, हा काय प्रकार आहे?

जहाज माणसांपेक्षा जास्त दिवस समुद्रावर राहू शकतं. म्हणून दोन क्रू आलटून पालटून चढवायचे. ब्रिटनच्या रिव्हर वर्गाच्या गस्ती जहाजांवर थोडी वेगळी रीत आहे: क्रूचा एक तृतीयांश भाग नेहमी रजेवर किंवा प्रशिक्षणाला, बाकीचे जहाजावर. दोन्हींतला खरा फायदा एकच. घरी जायची तारीख आधी कळते आणि बदलत नाही. आयर्लंडच्या सैन्यदल आयोगाने २०२२ च्या अहवालात दुहेरी क्रूची शिफारस केली.

अडचण उघड आहे. ज्यांच्याकडे एका क्रूपुरती माणसं नाहीत त्यांनी दोन कुठून आणायचे? जहाजांची संख्या कमी करून. हे संसदेत सांगायचं धाडस हवं.

शेजारी देशांबरोबर मिळून काही करता येतं का?

बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी हे सर्वांत पुढे नेलं. १९९६ पासून दोन्ही नौदलांचं कार्यवाहीचं मुख्यालय डेन हेल्डरला एकच आहे, आणि सुरुंगशोधक जहाजंही त्यांनी एकत्र मागवली, सहा-सहा. जहाजं एकसारखी, तर शाळाही एक पुरते. एस्टोनियाने घरातच एकत्रीकरण केलं: २०२३ च्या आरंभी सीमारक्षक पोलिसांची जहाजं नौदलाकडे आली. बाकी अनेक लहान देश आपले कॅडेट ब्रिटनच्या डार्टमथसारख्या परदेशी अकादमींत पाठवतात.

मोठा शेजारी माणसं ओढून नेतो का?

नेतो, आणि उघडपणे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून तिथे कायमचे राहणाऱ्या न्यूझीलंडच्या नागरिकांना, आणि २०२५ पासून तिथेच स्थायिक झालेल्या ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या नागरिकांनाही आपल्या सैन्यात येण्याची मुभा दिली. भाषा तीच, कवायत तीच, पगार जास्त, जहाजं जास्त. न्यूझीलंडने यावर तक्रार तरी काय करायची? तेही इतरांची माणसं घेतच असतात.

गेलेले परत येतात का?

येतात, दार उघडं असेल तर. बाहेर तीन-चार वर्षं काढल्यावर काहींना कळतं की काम आवडत होतं, वेळापत्रक नव्हतं आवडत. पण परत येणाऱ्याला जुना हुद्दा, जुनी ज्येष्ठता, पेन्शनची मोजणी यावर महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागला तर तो दुसऱ्या पत्रानंतर नाद सोडतो. निरोपाच्या दिवशीचं वागणंही महत्त्वाचं. दहा वर्षं काढलेल्या माणसाला निघताना फक्त गणवेश जमा केल्याची पावती मिळाली असेल, तर तो परत कशाला येईल?

मला किंवा माझ्या मुलीला लहान देशाच्या नौदलात अधिकारी व्हायचंय. काय विचारून घ्यावं?

मोठ्या नौदलात तिशी उलटल्यावरही तुम्ही मोठ्या यंत्रातला एक दात असू शकता. लहान नौदलात तेविशीत रात्रीचा ब्रिज तुमच्या हाती असतो आणि पस्तिशीच्या आसपास अख्खं जहाज. ही जबाबदारी इतक्या लवकर दुसरीकडे क्वचित मिळते, त्यामुळे इतकं सगळं लिहूनही मी कोणाला जाऊ नका म्हणणार नाही.

मुलाखतीत पगार विचाराच. बाँड किती वर्षांचा, प्रमाणपत्र बाहेर चालतं का, हेही. मग शक्य झालं तर सध्या जहाजावर असलेल्या एखाद्या लेफ्टनंटला गाठा, भरती अधिकाऱ्याला नव्हे, आणि एकच गोष्ट विचारा: गेल्या वर्षी तुमच्या जहाजाचा कार्यक्रम किती वेळा बदलला, आणि बदल तुम्हाला किती दिवस आधी कळला? तो हसला तर पुढचे प्रश्न जरा सावकाश विचारा.